पाखऱ्याचा दात

भाद्रपदातलं ऊन कुणालाच आवडत नाही. पावसाळा पुरता गेलेला नसतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या या दिवसांत ऊन पाठीला असं लागतं की कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडची जागा रिकामी राहते. पितृपक्षात कुणी नवं काही घेत नाही. मोशीपासून चाकणपर्यंतच्या फलकांवर नव्या फ्लॅटच्या चाव्या हातात धरून उभी असलेली कुटुंबं पंधरा दिवस उगाचच हसत असतात. आणि या मलूल पंधरवड्याच्या शेवटी आमच्याकडे पोळा येतो. बाकी महाराष्ट्राचा पोळा श्रावणात होऊन जातो. आमच्या खेड-मावळच्या बाजूला तो भाद्रपदाच्या अमावास्येला, म्हणजे नेमका सर्वपित्रीला. एकाच चुलीवर गेलेल्यांसाठी खीर आणि बैलांसाठी पुरणाची पोळी. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटत नसे. मेलेली माणसं आणि गोठ्यातले बैल एकाच दिवशी जेवतात, एवढंच ठाऊक होतं.

परवा बस चाकणच्या चौकात अडकली तेव्हा रस्त्याकडेला दुकानं लागलेली दिसली. गोंडे, घुंगुरमाळा, हिंगुळाच्या पुड्या, शिंगांना लावायचा बेगड. मागे कंटेनरची रांग, पुढे कंटेनरची रांग, आणि मध्ये अंगावर कंपनीचा शर्ट असलेला एक माणूस मातीची बैलजोडी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून, एका हाताने तिला सावरत उभा. खरे बैल आता थोड्यांकडे राहिलेत. मातीचे मात्र दरवर्षी खपतात.

माझ्या वडिलांना, आण्णांना, या वर्षी पान नाही. ते पौषात गेले. दादाने फोनवर सांगितलं, "नंदे, वरीस भरलं न्हाई. वर्षश्राद्ध झाल्याबिगर पितरांत घेत न्हाईत." म्हणजे आण्णा घरातही नाहीत आणि पितरांतही नाहीत. ज्या माणसाला उभ्या जन्मात कुठल्या रांगेत ताटकळणं जमलं नाही, तो आता असा मधेच थांबला आहे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि ते मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन उरकलं.

आण्णा दात बघायचे. व्यापारी नव्हते, दलालही नव्हते, साधे शेतकरी. पण चाकणच्या बैलबाजारात सौदा अडला की माणसं त्यांना बोलवायला येत. ते डाव्या हाताची दोन बोटं बैलाच्या नाकपुड्यांत घालून तोंड वर करत आणि उजव्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढत. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ, त्यांवरच सगळं वय. "आदत", म्हणजे अजून दुधाचेच दात. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के आले की "जुळला". एवढं बोलून ते हात धोतराला पुसत आणि चालू लागत. त्यांनी सांगितलेल्या वयावर कुणी पुन्हा बोलत नसे.

एक खोड मात्र त्यांना खपत नसे. म्हाताऱ्या बैलाचे झिजलेले, फटी पडलेले दात काही लोक कानशीने घासून सारखे करत, म्हणजे बैल नुकताच जुळल्यासारखा दिसावा. आण्णांचा लहानपणापासूनचा सोबती, सोपानकाका, त्याने एकदा हे केलं. आण्णांनी भर बाजारात त्या बैलाचं तोंड सोडलं, म्हणाले, "घासलेलं तोंड मी हातात धरत न्हाई," आणि त्या दिवसापासून सोपानकाकाच्या घरचा चहा घेतला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नालाही गेले नाहीत. मी आईबरोबर गेले होते, तिथली जिलबी मला अजून आठवते. आण्णा हट्टी होते. चांगले होते असं आता सगळेच म्हणतात, पण सरळ माणसाबरोबर राहणं सोपं नसतं, हेही कुणीतरी म्हणायला हवं.

पाखऱ्या हा त्यांचा शेवटचा बैल. खिलार, अंगावर करडी पाखरं उतरल्यासारखे ठिपके. त्याचा जोडीदार आधीच गेला होता, आई त्याच्याही आधी. ट्रॅक्टर आल्यावर पाखऱ्याला काम उरलं नव्हतं. तो आणि आण्णा दोघे मिळून म्हातारे होत होते. नऊ वर्षांपूर्वी आण्णा गोठ्यातच पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि महिनाभर दवाखान्यात राहिले. घरी आले तेव्हा गोठा रिकामा होता. दादा म्हणाला, "पाखऱ्या गेला आण्णा. बांधावरच्या बाभळीखाली पुरला."

आण्णांनी विचारलं, "मीठ कुठल्या दुकानातनं आणलं?"

आमच्याकडे बैल पुरायचा म्हणजे खड्ड्यात पोतंभर जाडं मीठ टाकतात. दादाला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "आणलं की... कुठनंतरी." बस, एवढंच. आण्णांनी मान फिरवली, ती आठ वर्षं. एकाच छपराखाली राहून बाप लेकाशी बोलला नाही. "पाणी दे म्हणावं त्याला," असं वहिनीकडे बघून बोलायचे, आणि दादा समोरच उभा असायचा. मी पिंपळे गुरवहून सणासुदीला जायची, दोघांमधून वाढायची आणि परत यायची. भावकीतल्या कुणी काही विचारलं तर आम्ही म्हणायचो, आण्णांना कमी ऐकू येतं.

दर पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळतात. वर्षभर जू वाहून ते सोललेले असतात. बैल गेल्यावरही आण्णांनी ती रीत सोडली नाही. माळ्यावरचं जू वहिनीला कुणाकडून तरी खाली काढून घ्यायला सांगत आणि जिथे बैलाचा खांदा येतो तिथे लाकडालाच हळद-लोणी चोळत. दादा त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन बसायचा. मला ते बघवत नसे. मी स्वयंपाकघरात जाऊन पुरण घोटत राहायची.

गेल्या भाद्रपदात बांधावरची ती जमीन वेअरहाऊससाठी खणायला घेतली. तोवर आण्णांना डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. घरी न्या म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं, त्यांनाही कळलं होतं. जेसीबी बाभळीपाशी आला त्या दिवशी ते खुर्ची घेऊन तिथे बसून राहिले. सगळा बांध उकरला. एकाच जनावराची हाडं निघाली, एकच जबडा, तोही बकेटच्या धक्क्याने फुटलेला. पुढचे दात मातीत कुठे गेले कुणास ठाऊक. मागची एक दाढ तेवढी शाबूत होती. आण्णांनी ती उचलून आणली आणि मी रविवारी गेले तेव्हा माझ्या हातावर ठेवली.

"पुढचा दात आस्ता तर मीच सांगितलं आस्तं. दाढा कोन बघतंय? तू मशिनीवर मोजतीस ना सगळं? हा पाखऱ्याचा हाय का न्हाई, येवढं बघ. मला जाताना ठावं पायजे."

त्यांनी आयुष्यात माझ्या कामाबद्दल विचारलेलं ते पहिलंच. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या तपासणीत काम करते. भागावर निळ्या उजेडाचा स्कॅनर फिरवायचा, पडद्यावर त्याची घन आकृती उभी राहते, ती मूळ नमुन्यावर बसवायची. जुळलं तिथे हिरवं, जास्त भरलं तिथे लाल, कमी पडलं तिथे निळं. मग पास किंवा रिजेक्ट. जेवणाच्या सुट्टीत मी ती दाढ धुऊन, चकाकी घालवायची पांढरी पावडर फवारून टेबलावर ठेवली. स्कॅनर चालवणारा बालाजी लातूरकडचा. त्याने वाकून बघितलं. "ताई, ह्ये कुठल्या गाडीचं पार्ट हाय?" मी सगळं सांगितलं, एका वेबसाइटवरच्या दातांशी ती ताडून बघायची आहे हेही. तो गंभीर झाला. म्हणाला, "आमच्याकडं दात बघायला मानूस लागतो. वेबसाइट न्हाई लागत." पण स्कॅन त्यानेच केला, आणि माझ्यापेक्षा चांगला केला.

वेबसाइट मला शोधून सापडली होती. परदेशातल्या अभ्यासकांनी सस्तन प्राण्यांच्या दातांचे घन आकार त्यावर जमवून ठेवले आहेत. कुणीही उघडावं, माऊसने दात फिरवावा, खालून-वरून बघावा, फाइल उतरवून घ्यावी. चिचुंद्री, वटवाघूळ, तरस, उंट, डुक्कर. चिचुंद्रीचा दात पडद्यावर गॅसच्या शेगडीएवढा दिसतो. काही जनावरं तर आता पृथ्वीवर नाहीत, त्यांचे दात मात्र आहेत. प्रत्येकापुढे नाव, वरचा की खालचा, डावा की उजवा, किती झिजलेला. मी गाय-बैल शोधायला गेले आणि तासभर नुसती बघत बसले. प्रत्येक दात एकटा, तोंडापासून तुटलेला, काळ्या पडद्यावर फिरतोय. कुणीतरी त्याला चारा घातला असेल, कुणीतरी त्याच्या तोंडात अडकलेला काटा काढला असेल, तो रकाना तिथे नव्हता. मला एकदम फार एकटं वाटलं. मग बालाजीने डबा पुढे केला आणि आम्ही जेवलो.

दोन-तीन दिवसांत जमलं. तिथे बैलाची खालच्या जबड्यातली शेवटची दाढ तीन वयांची होती, कोवळी, मधली आणि म्हातारी. शेवटच्या दाढेला मागे एक जादा पाकळी असते, ती आमच्या दाढेला होती. म्हणजे आमची दाढही शेवटचीच. मग मी ती तिन्हींवर बसवून पाहिली. म्हाताऱ्या बैलाची दाढ आखूड आणि वरून सपाट, सगळी टोकं चारा चघळून गेलेली. आमची दाढ उंच होती, टोकदार होती, आणि मागची पाकळी जवळजवळ न वापरलेली. कोवळ्या दाढेवर ती अशी चपखल बसली की सगळा पडदा हिरवा झाला. ही दाढ येते तेव्हा जनावर साधारण दोन दाती असतं, असं वाचनात आलं. म्हणजे आण्णांचं शास्त्र आणि हे शास्त्र शेवटी एकाच तोंडात येऊन भेटलं होतं. आणि मला आठवलं. मी दहावीत असताना आमचं एक दोन दाती खोंड साप चावून मेलं होतं. त्याला बाभळीखालीच पुरलं होतं. ती दाढ त्याची होती. पाखऱ्या तिथे नव्हताच.

दादाची कंपनी माझ्या कंपनीपासून जवळ. दुसऱ्या दिवशी त्याची दुपारची शिफ्ट होती. मी त्याला गेटबाहेरच्या टपरीवर बोलावलं आणि स्कॅनचा छापून घेतलेला रंगीत कागद पुढे ठेवला. त्याने कागद पाहिलाच नाही.

"विकला," तो म्हणाला. "आण्णा तिकडं दवाखान्यात, तू सासरी, माझी शिफ्ट. पाखऱ्या बसला की उठंना. शेनात लोळत पडायचा, डोळ्यांत माशा. मला बघवंना नंदे. टेम्पोवाला दारात आला, म्या दोर हातात दिला. चढताना त्यानं मागं बघितलं." चहावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. मग विचारलं, "सांगनार हायस का?"

"तू सांगायला पाहिजे होतंस."

"व्हय. पन तवा न्हाई सांगितलं, आन आता त्यांच्याजवळ आईकायला दिवस न्हाईत."

माझं काम चुकीच्या भागाला पास न करण्याचं आहे. केसभर कमी-जास्त असेल तरी मी लाल चिठ्ठी लावते, त्यावरून लाइनवरचे सुपरवायझर माझ्या नावाने बोटं मोडतात. खांदेमळणीच्या दुपारी मी आण्णांच्या खाटेपाशी बसले, कागद उघडला आणि म्हटलं, "आण्णा, दाढ पाखऱ्याचीच आहे. मशीनवर जुळली."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग बाजूला ठेवला. दाढ मागून घेतली. अंगठा वरून फिरवला, बैलाच्या ओठावर ठेवायचे तसाच. एकदा, दोनदा.

"टोकं बोचत्यात की गं अजून."

मी बाजूचा कागद उचलून घडी घातली. म्हटलं, "मातीत राहिल्यावर तसं होतं म्हणे."

"व्हय का," आण्णा म्हणाले. दाढ मुठीत मिटली. मग दाराकडे तोंड करून हाक मारली, "सुदाम. जू खाली काढ."

आठ वर्षांनी त्यांनी लेकाला नावाने हाक मारली होती. दादा अंगणात होता. तो आत आला, स्टुलावर चढला, जू काढलं, आणि बापलेकांनी मिळून त्या लाकडाला हळद-लोणी चोळलं. वहिनी पदराआड रडत होती. मी समाधानाने बघायला हवं होतं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, नंदे, खोटा भाग पास केलास.

त्यानंतर तीन महिने आण्णा राहिले. दादाच्या हातून पेज खाल्ली, दादाच्या खांद्यावर हात टाकून परसात गेले. दिवाळीला मी गेले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. विचारलं तर म्हणाले, विळा लागला. पौषातल्या एका सकाळी दादा त्यांना चहा पाजत असतानाच गेले. सगळे म्हणाले, भाग्यवान, लेकाच्या हातावर गेले. दादा मात्र खचला. सगळं आटोपल्यावर मला म्हणाला, "फशिवलं त्यांना. खोटं बोलून हाक मारून घेतली. ती हाक माझी न्हवंच." दाढ आण्णांच्या तंबाखूच्या डबीत होती. ती डबी दादाने डोळ्यांसमोर येऊ दिली नाही. तेव्हापासून तो ओव्हरटाइम करत राहिला, सुट्टीलाही घरी थांबेना.

गेल्या रविवारी पोळ्याच्या आधीची साफसफाई करताना वहिनीने डबी माझ्या हातात दिली. "ताई, तुमीच ठिवा. ह्यांना बघवत न्हाई." मी बसमध्ये ती उघडली आणि सहज अंगठा फिरवला.

टोकं बोचली नाहीत.

मला वाटलं, भलतीच दाढ असेल. दुसऱ्या दिवशी बालाजीला दिली. त्याने नवा स्कॅन केला, गेल्या वर्षीचा काढला, एकावर एक बसवले. बाजू हिरव्या, मुळं हिरवी, दाढ तीच होती. वरचा सगळा माथा निळा. निळं म्हणजे कमी. बालाजी म्हणाला, "ताई, ह्याला कुणी तर घासलंय बगा." मी तिथूनच वहिनीला फोन लावला.

"घासत बसायचे की," वहिनी म्हणाली. "ह्ये ड्यूटीला गेले की ओट्यावर उन्हाला बसून, विळ्याच्या धारंच्या दगडावर. रोजचं. म्या इचारलं, तर म्हनले औषध उगाळतोय. बोटाची सालटं निघाली हुती."

मी फोन ठेवला. शेजारी कन्व्हेयर चालू होता. ज्या माणसाने घासलेल्या तोंडापायी जन्माचा सोबती तोडला, त्याने अंगात धड बसायचं बळ नसताना एका खोंडाची दाढ म्हातारी करायला घेतली होती. त्या दुपारी अंगठा फिरवला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पाखऱ्या बाभळीखाली नाही, लेक खोटं बोलला आणि लेकही खोटं बोलतेय, हे सगळं कळून त्यांनी हाक मारली होती. आणि मग आमचं खोटं उघडं पडू नये म्हणून उरलेले दिवस दगडावर घालवले. काम पुरतं जमलं नव्हतं. म्हाताऱ्या बैलाची दाढ आखूड होते, ही वरून तेवढी सपाट झाली होती, उंची तशीच राहिली होती. माझ्या टेबलावर हा भाग आला असता तर मी एका नजरेत पकडला असता.

काल खांदेमळण. रजा टाकून मी गावी गेले. दादा ओट्यावर बसला होता, मातीची जोडी शेजारी तशीच कागदात गुंडाळलेली. मी दाढ काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "अंगठा फिरव." तो नको म्हणाला. मी त्याचा अंगठा धरून फिरवला. मग कोपऱ्यातला धारेचा दगड आणून समोर ठेवला आणि वहिनीला सांगितलं, मला सांगितलंस ते ह्याला सांग.

तिचं सांगून झाल्यावर दादाने तो दगड जवळ ओढला. मधोमध एक पांढुरकी खोलगट रेघ पडली होती.

"म्हंजे आण्णांना ठावं हुतं."

"होय."

"आन तरी हाक मारली."

"होय दादा."

तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. वहिनी घाबरली. मी तिला म्हटलं, येईल. आम्ही दोघींनी जू खाली घेतलं, हळद कालवली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. अर्ध्या तासाने दादा परत आला तो खांद्यावर जाड्या मिठाचं अख्खं पोतं घेऊन. एका दाढेला चिमूटभर पुरलं असतं. त्याने परसातल्या शेवग्यापाशी खड्डा घेतला, बैलाला लागेल एवढा नाही, पण कमरेएवढा खोल. तळाला मीठ पसरलं, दाढ ठेवली आणि वरून मीठ ओतत राहिला. शर्ट घामाने भिजला होता, हात पांढरे झाले होते.

मी काहीच विचारलं नव्हतं. तोच खड्ड्याकडे बघून म्हणाला, "शाळंजवळच्या दुकानातनं आणलं, आण्णा."